कसब कुणाचं?

गेल्या रमजान ईदला मुलगा पुण्याहून घरी आला. सकाळची नमाज, गळाभेटी, शीरखुर्म्याच्या वाट्या, पाहुण्यांची ये-जा हे सगळं दुपारपर्यंत उरकलं आणि घर जरा शांत झालं. मी तक्क्याला टेकून पडलो होतो. तो शेजारीच लॅपटॉप उघडून बसला. खेळाचं नाव बाल्डर्स गेट. १९९८ सालचा जुना खेळ, पुढे नव्याने सजवून पुन्हा विकायला आणलेला. राक्षस, तळघरं, तलवारी, मंत्र असा सगळा तिलिस्मी कारखाना. आमच्या लहानपणी अम्मी अमीर हमजाच्या दास्तानीतले किस्से सांगायची, त्यांचाच हा परदेशी चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

त्याचा नायक लढवय्या होता. सात पायऱ्या चढून गेलेला, अंगात चिलखत, हातात भारी तलवार. मुलाने एक बटण दाबलं आणि तो नायक एकदम केविलवाणा झाला. चिलखत घालून मंत्र म्हणता येईना, तलवारीचा सराव कुठे गेला ते कळेना. एका क्षुल्लक जनावराने त्याला लोळवलं.

मी विचारलं, "काय केलंस रे? चांगला होता की!"

"क्लास बदलला, अब्बू. आता तो जादूगार. पहिल्या पायरीपासून सुरुवात."

"आणि तलवार? ती विसरला?"

"विसरला नाही. बंद केलीय. जादूगारीत आठव्या पायरीवर पोचला की जुनं सगळं परत मिळेल."

मग त्याने मला सगळा नियम समजावून सांगितला. मला खेळात रस नव्हता. पण नियम ऐकता ऐकता मी तक्क्यावरून उठून बसलो.

हा नियम मुळात संगणकाचा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, तोंडी खेळायचा. त्यात प्रत्येक खेळाडूच्या पात्राला एक वर्ग असतो: लढवय्या, चोर, जादूगार, पुरोहित. वर्ग ठरला की त्या पात्राला काय काय जमेल हेही ठरलं. पुढच्या आवृत्तीत माणसाच्या पात्राला वर्ग बदलायची मुभा मिळाली, पण अटी घालून. जुन्या वर्गाला लागणारा मुख्य गुण किमान १५ हवा, नव्या वर्गाला लागणारा किमान १७ हवा, आणि हे सगळं साधारण अठरापैकी. म्हणजे दोन्हीकडे अव्वल असेल त्यानेच बदलाचं नाव काढावं. एकदा बदल केला की जुन्या वर्गाकडे परत जायचं नाही. आणि शेवटची अट अशी की नव्या वर्गात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनं कसब वापरायचं नाही. संगणकातल्या खेळात ते कुलूपबंदच होतं. टेबलावरच्या खेळात मात्र वापरता येतं. पण वापरलं तर त्या झटापटीतून मिळणारा अनुभव शून्य. जीव वाचेल, पण नव्या वर्गातली वाट तेवढी खुंटेल.

मुलगा हे सांगत होता आणि मला सिन्नर तालुक्यातल्या एका गावातली शाळा दिसत होती.

आम्ही पिंजारी. माझे दादाजान कापूस पिंजायचे. आज तरुण वाचकांना पिंजारी म्हणजे काय हे सांगावं लागेल, म्हणून सांगतो. माणसाच्या उंचीएवढं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात. ते एका हाताने तोलून धरायचं, तात कापसात बुडवायची, आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी ठोकळ्याने तातेला ठोका द्यायचा. तात थरथरते, वर्षानुवर्षं अंगाखाली दबून दगड झालेला कापूस तंतू तंतू होऊन उडतो, धूळ खाली बसते. मग तोच कापूस गादीत भरून टाके घालायचे. हिवाळ्याच्या तोंडावर दादाजान पिंजण खांद्यावर टाकून खेडोपाडी निघायचे. त्यांना आरोळी द्यावी लागत नसे. चालता चालता तातेला एक ठोका दिला की त्या आवाजाने गाव ओळखायचं.

माझे अब्बा चौदाव्या वर्षापर्यंत त्यांच्याबरोबर फिरले. नंतर कुणा भल्या गुरुजींनी त्यांना शाळेत टिकवलं, ते शिकले आणि स्वतःच गुरुजी झाले. मराठी शिकवायचे. त्यांचं अक्षर इतकं देखणं की गावातली लग्नपत्रिका त्यांच्या हातून मजकूर उतरवून घेतल्याशिवाय छापायला जात नसे. गावात आमचं एकच मुसलमानाचं घर होतं. 'गुरुजी' हा त्यांचा हुद्दा होता, नाव होतं, आणि चिलखतही होतं.

१९७६ सालचा हिवाळा. मी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात बसायचो. तास चालू असताना बाहेरून आवाज आला. तातेचा आवाज. पोरं खिडकीशी धावली. मी पण धावणार होतो, पण मला तो ठोका ओळखीचा वाटला आणि मी जागीच बसलो. अब्बांनी पोरांना दटावलं, खिडकी लावून घेतली आणि फळ्याकडे वळून पुढचा शब्द लिहिला. कोणता शब्द ते आठवत नाही. खडू मोडला होता, ते आठवतं.

दादाजान एस.टी.च्या टपावर पिंजण टाकून नाशिकहून आले होते. ते आमच्या घरी आलेच नाहीत दिवसभर. गावात फिरले, चार गाद्यांचं काम केलं. रात्री उशिरा, सामसूम झाल्यावर आले. जेवले. आपण कुणाचे बाप आहोत हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि अब्बांनी त्यांना ते विचारलंही नाही. दोघांमध्ये काही ठरलेलं असावं, किंवा ठरवावंच लागलं नसावं.

मी झोपलो आहे असं समजून त्या रात्री एक गोष्ट घडली. आमच्या घरातली रजई जुनी झाली होती. अब्बांनी दार लावलं, कंदिलाची वात कमी केली, नाकाला पंचा बांधला, आणि दादाजानच्या हातातून पिंजण घेतलं. आवाज फार होऊ नये म्हणून ठोका हलका द्यायचे. पण हात चुकत नव्हता. दादाजान भिंतीला टेकून बघत होते. सकाळी आमच्याकडे फुलासारखी हलकी रजई होती, दादाजान पहिल्या एस.टी.ने गेले होते, आणि गुरुजी धुतलेला शर्ट घालून शाळेत निघाले होते. त्यांच्या भुवईत कापसाचा एक तंतू होता. मला दिसला, मी सांगितलं नाही.

एवढ्या वर्षांनी मुलाच्या तोंडून त्या परदेशी खेळाचा नियम ऐकला आणि कळलं की अब्बा तोच खेळत होते. जुनं कसब उजेडात वापरलं तर नव्या वर्गातला अनुभव शून्य. गायगॅक्ससाहेबांना पिंजारी ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांनी नियम मात्र आमच्या घरातला लिहिला.

प्रश्न असा पडतो की हा नियम न्यायाचा आहे का? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: कसब असतं कुणाचं? माणसाचं, की त्या माणसाला दिलेल्या वर्गाचं?

आपल्या परंपरेत यावर फार पूर्वी विचार झालेला आहे. इब्न खल्दून, जन्म ट्यूनिसमध्ये १३३२, मृत्यू कैरोत १४०६. त्यांनी 'मुकद्दिमा'त हस्तकलांवर सविस्तर लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हुन्नर म्हणजे एक मलका, पुन्हा पुन्हा केल्याने अंगी मुरलेली सवय. उर्दूत आपण आजही एखाद्या गोष्टीचा मलका हासिल होणं म्हणतो. पण पुढे ते म्हणतात की एक मलका पक्का मुरला की माणसाला दुसऱ्या हुन्नरात तेवढी गती क्वचितच येते. उदाहरण शिंप्याचं देतात: शिवणकाम एकदा मनात घट्ट बसलं की तो माणूस चांगला सुतार होणं अवघड. मनाला एक रंग चढला की दुसरा तितका चढत नाही, अशी त्यांची उपपत्ती.

हे वाचताना मला हसू येतं, कारण खुद्द इब्न खल्दून आयुष्यभर वर्ग बदलत राहिले. दरबारातले चिटणीस, वकिलातीवर जाणारे मुत्सद्दी, बंदिवान, प्राध्यापक, कैरोचे काझी आणि इतिहासकार. त्यांची मुत्सद्देगिरी इतिहासकार होताना बंद पडली असती तर 'मुकद्दिमा' लिहिलाच गेला नसता. राज्यं का उभी राहतात आणि का कोसळतात हे त्यांनी दरबारात उभं राहून पाहिलं होतं. तरीही त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शिंप्याला सुतारकाम जमत नाही यात मनाच्या रंगाइतकाच आणखी एका गोष्टीचा वाटा असावा, तिचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. सुतारांनी त्याला रंधा हातात धरू दिला का?

आमच्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात गेले, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात आरेखक झाले, छापखाना चालवला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला गेले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले. फाळके हे नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा'! आणि मग चाळिशी ओलांडल्यावर सिनेमा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला.

या माणसाने वर्ग बदलताना काहीही कुलूपबंद केलं नाही. पडदे रंगवताना चित्रकार कामाला आला, कॅमेऱ्यामागे फोटोग्राफर उभा राहिला, फिल्म धुताना छापखान्यातली रसायनं आठवली, आणि देव एकाएकी प्रकट व्हायचे किंवा अदृश्य व्हायचे तेव्हा आत प्रोफेसर केळफा होता. सिनेमा नावाचा वर्ग तेव्हा आपल्याकडे नव्हताच. फाळक्यांनी जुनी सगळी कसबं एकत्र ओतून तो तयार केला. इब्न खल्दूनच्या शिंप्याला हे सबळ उत्तर आहे.

पण मला फाळक्यांपेक्षा त्यांच्या नायिकेचं जास्त आकर्षण आहे. हरिश्चंद्राची तारामती करायला बाई मिळेना. तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण त्यांना सापडला. नाजूक बोटांचा. तो तारामती झाला. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्याने राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. सीतेच्या पदराखालून रामाचे दंड दिसायचे असं म्हणतात, तरी लोक पडद्याला हात जोडायचे. नंतर त्याने कॅमेराही हाताळला. स्वयंपाकघर, स्त्री-भूमिका, देव, कॅमेरा. एवढे वर्ग एका आयुष्यात! त्याच्या स्वयंपाकाचं काय झालं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. चित्रीकरणाच्या ठिकाणी भाजी खारट झाली तर अण्णाने ती सुधारली असेल का? की आता आपण राम आहोत म्हणून गप्प बसला असेल?

इथे एक गोष्ट बोलायला हवी. फाळक्यांनी आपलं जुनं कसब उघड वापरलं, कारण त्यांचं कोणतंच जुनं कसब त्यांना खाली ओढणारं नव्हतं. चित्रकार असल्याचं सांगितल्याने सिनेमावाल्याची पत घटत नाही. पिंजारी असल्याचं सांगितल्याने गुरुजीची घटते. निदान १९७६ मध्ये घटत होती, किंवा घटेल अशी अब्बांना भीती होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं होतं की जातिव्यवस्था श्रमांची वाटणी करून थांबत नाही, ती श्रम करणाऱ्यांचीच वाटणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. आपण मुसलमान हे ऐकतो, मान डोलावतो, आणि ही दुसऱ्यांच्या घरची गोष्ट आहे असं समजून उठतो. जुन्या नाशकात एकदा पायी फिरून यावं. पिंजारघाट, बागवानपुरा. मशिदीत सफ एक होते, खांद्याला खांदा लागतो. पण सोयरीक जुळवताना कुणाचा बाप काय करत होता हे आधी विचारलं जातं. मणियार, अत्तार, तांबोळी, खाटीक, शिकलगार, मोमीन, छप्परबंद: ही आपलीच नावं आहेत आणि या सगळ्यांत कधी काळी एकेक मलका मुरलेला होता.

आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात एक वेगळा प्रकार झाला. तिथल्या मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून आले, हातमाग घेऊन. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. वर्ग तोच राहिला, विणकर. पण कसब पायाखालून सरकलं. हातमागावर धोटा फेकणाऱ्या माणसाच्या मनगटात जे होतं ते यंत्रमागावरच्या माणसाला लागत नाही. त्याला तुटलेला धागा झटकन दिसायला हवा, खडखडाटात बारा तास उभं राहता यायला हवं. खेळात याला नियम नाही. पात्राचा वर्ग न बदलताच त्याची शक्ती कुणी काढून घेतली, असं तिथे होत नाही; आयुष्यात सर्रास होतं.

आणि त्याच मालेगावात नासिर शेख नावाच्या, व्हिडिओ पार्लर चालवलेल्या आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीसाठी सायकल, क्रेनसाठी बैलगाडी. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यातला सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा तरुण. त्या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, त्यातून तो जगाला माहीत झाला. पुढे कर्करोगाने शफीकचं निधन झालं. २०२४ मध्ये रीमा कागती यांनी या मंडळींवर हिंदी चित्रपटही केला. मी तो माहितीपट पाहिला तेव्हा मला त्या सुपरमॅनच्या उडण्यापेक्षा एक गोष्ट जास्त भावली. तो मागावरचा माणूस आहे हे कुणी लपवत नव्हतं, तोही नाही. उलट गंमत त्यातच होती. अब्बांनी जे दार लावून केलं ते या पोरांनी भरचौकात, हसत हसत केलं. पन्नास वर्षांत काहीतरी सैल झालं असावं. की सिनेमात, खेळात ते सैल होतं आणि शाळेत, कचेरीत, सोयरिकीत नाही? मला नक्की ठरवता येत नाही.

मुलाशी या विषयावर त्या संध्याकाळी बराच वेळ बोललो. तो म्हणाला, सगळ्या खेळांत नियम एकसारखे नसतात. 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाच्या जपानी खेळाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे १९८८ साली, विसाव्या पायरीवर पोचलेलं पात्र एका मठात जाऊन पेशा बदलू शकतं. पायरी पुन्हा पहिली होते, अंगातली ताकद निम्मी होते, पण शिकलेले मंत्र सगळे राहतात. 'फायनल फँटसी'च्या पाचव्या भागात एका पेशात शिकलेली विद्या दुसऱ्या पेशात सोबत नेता येते, पण गाठोड्यात जागा मोजकीच. आणि अगदी अलीकडच्या, २०२३ सालच्या तिसऱ्या 'बाल्डर्स गेट'मध्ये तर एका हाडकुळ्या म्हाताऱ्याला १०० मोहरा दिल्या की तो तुमचा वर्ग पार पुसून नवा देतो. पायरी तीच, मान तोच, जुन्याचा मागमूस नाही.

"हे बरंय की!" मुलगा म्हणाला. "काही गमवावं लागत नाही."

मला ते सगळ्यात भयंकर वाटलं. दार लावून कंदिलाच्या उजेडात का होईना, अब्बांचा हात चुकला नव्हता. १०० मोहरा देऊन तो हातच नाहीसा करायचा, आणि आपल्याला तो होता हेही आठवायचं नाही? मला जपानी मठाचा नियम पटतो. ताकद निम्मी होते, हे खरं आहे. नव्या जागी प्रत्येकजण अर्ध्या ताकदीने सुरुवात करतो. पण शिकलेलं शिकलेलंच राहतं.

इथे कुणी म्हणेल की सगळीच कसबं जपण्यासारखी नसतात. बरोबर आहे. चोराने चोरी सोडली तर त्याने कुलूप उघडण्याची विद्या जपावी का? फुजैल बिन इयाज हे वाटमारे होते, तौबा करून थोर सूफी झाले. रात्रीच्या वाटा ओळखण्याचं त्यांचं जुनं ज्ञान तौबेबरोबर नाहीसं झालं असेल असं मला वाटत नाही, त्यांनी ते वापरायचं थांबवलं एवढंच. आणि इमाम गजालींचं उलट झालं. बगदादच्या निजामिया मदरशातली सर्वांत मानाची जागा त्यांच्याकडे होती. १०९५ साली त्यांना वाटू लागलं की आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी. आणि एक दिवस जीभ चालेना. शिकवायला उभे राहिले तर शब्द फुटेना, घास उतरेना. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे कसब शाबूत, हुद्दा शाबूत, आणि मधला नेक इरादा हरवला म्हणून कसब बंद. मुलाच्या खेळात असा एक वर्ग आहे, धर्मयोद्धा. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याच्या दैवी शक्ती जातात आणि तो साधा लढवय्या उरतो. गजालींनी मदरसा सोडला, दहा-अकरा वर्षं फिरले, आणि मग नीशापूरला पुन्हा शिकवायला उभे राहिले. तेव्हा जीभ चालली.

म्हणून कसब सोडण्याची कारणं पाहावी लागतात. फुजैलनी सोडलं ते पाप होतं म्हणून. गजालींनी सोडलं ते नियत ढळली म्हणून. अब्बांनी लपवलं ते कोणत्या कारणासाठी? कापूस पिंजण्यात पाप नव्हतं. उलट कस्ब-ए-हलाल होतं ते, शंभर नंबरी. मराठीने 'कसब' हा शब्द अरबीतूनच घेतला. तिकडे त्याचा अर्थ कमाई, आपल्याकडे तो कौशल्याचा झाला. आमच्या घरात दोन्ही अर्थ एकाच धनुष्याला टांगलेले होते, आणि तरी ते दाराआड होतं.

मी अनेक वर्षं अब्बांना मनातून दोष दिला. खिडकी लावली म्हणून. आता देत नाही. सात माणसांचं पोट त्या 'गुरुजी' शब्दावर होतं. पण दोष नाही म्हणजे नुकसानही नाही, असं नव्हे. आणि भुवईतला तंतू पाहून गप्प बसलो तेव्हा नऊ वर्षांचा मी पण तो नियम पाळतच होतो.

खेळातला नियम म्हणतो, नव्या वर्गात जुन्याच्या पुढे गेलात की जुनं परत मिळेल. अब्बा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, नाशकात घर बांधलं, मान मिळाला. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. एकदा त्यांनी माळ्यावरून दादाजानचं पिंजण काढलं. तात कधीच तुटली होती. नवी आणायला सगळीकडे फिरले, कुणाकडेच नव्हती. शेवटी नायलॉनची दोरी बांधून पाहिली, ती वाजेना. आणि मनगट धरेना. पंधरा मिनिटांनी त्यांनी ते पुन्हा माळ्यावर टाकलं. नियम लिहिणाऱ्याने एक गोष्ट हिशेबात घेतली नव्हती: कुलुपात ठेवलेल्या वस्तूचंही वय होतं.

तरी सगळं गेलं नव्हतं. माझ्या बहिणीच्या लग्नात गाद्या घ्यायला दुकानात गेलो होतो. दुकानदार शुद्ध नवी रुई म्हणून सांगत होता. अब्बांनी खोळीच्या शिवणीतून दोन बोटं आत घातली, क्षणभर डोळे मिटले, आणि म्हणाले, "यात तिसरा हिस्सा जुनी रुई आहे. आणि सरकीचे तुकडे राहिलेत." दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. "गुरुजी, तुम्हाला कसं कळतं?" अब्बा हसले. आणि भरदुकानात, दहा माणसांत म्हणाले, "पिंजाऱ्याचं पोर आहे मी." मी त्यांच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. शेवटचंच ठरलं ते. २०११ मध्ये ते गेले.

आता मुलाची गोष्ट सांगतो, कारण ही सगळी उजळणी तिच्यामुळेच झाली.

पिंजारी, नदाफ, मन्सुरी हे महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने १९९० च्या दशकात आपल्या समाजाला या कागदांची ओळख करून दिली, तिचे उपकार मोठे आहेत. मुलाने प्रमाणपत्राच्या वैधतेसाठी अर्ज केला तेव्हा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. दादाजान शाळेत गेले नव्हते, पण अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर 'मुसलमान पिंजारी' असं स्वच्छ लिहिलेलं निघालं. ज्या शब्दावर त्यांनी आयुष्यभर खिडकी लावली, तोच नातवाच्या उपयोगी पडला. खेळात वर्ग बदलतो आणि कसब मागे राहतं. आमच्याकडे वर्ग राहिला, शिक्क्यानिशी, आणि कसब गेलं. मुलाला उशीच्या खोळीत कापूस भरता येत नाही. तो फोमच्या गादीवर झोपतो.

हे फसवणुकीसारखं आहे का, असं त्याने मला विचारलं होतं. "अब्बू, मला यातलं काहीच येत नाही, मग मी पिंजारी कसा?" मी म्हटलं, सवलत कसबाबद्दल नाही, त्या कसबापायी तुझ्या आजाला जे सोसावं लागलं त्याबद्दल आहे. उत्तर बरोबरच होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही, आणि खरं तर मलाही ते उत्तर पुरलं नाही.

चौकशीला माणूस येणार, तो घराण्याचा व्यवसाय, त्याची रीत, अवजारं विचारेल असं कळलं होतं. आदल्या रात्री मुलगा वही घेऊन माझ्यासमोर बसला. परीक्षेचा अभ्यास करावा तसा. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. पिंजण. तात. सरकी. रुई. खोळ. टाका. मग तो म्हणाला, "आणि तातेवर मारायचं ते? लाकडी?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो. दोन्ही टोकांना फुगीर, मधे मुठीत बसेल इतकं बारीक, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. मला ते दिसत होतं. दादाजानच्या हातात, अब्बांच्या हातात. आमच्या घरात त्याला एक खास शब्द होता. तो आठवेना.

मालेगावला फूफींना फोन लावला. नव्वदीला टेकल्यात, आमच्या घरात ती वस्तू हाताळलेल्या त्या शेवटच्या. त्यांनाही नाव आठवलं नाही. "ठहर, ठहर," म्हणाल्या, बराच वेळ थांबल्या, आणि मग फोनवर तोंडानेच आवाज काढून दाखवला. एकदा, आणि पुन्हा एकदा. मुलगा पेन हातात धरून ऐकत होता.

त्याने वहीत लिहिलं, 'लाकडी ठोकळा.'